बायोकेमिकलची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मला चिवड्याची पुडीही लपवता येत नाही, म्हणजे बघा. पण एक थाप इतकी वर्षं सांभाळून माणूस दमतो हो.

कुठून सुरू करू? बाटलीपासूनच करतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण मंगल नाशिकला बारावी झाली. मार्क भरपूर, माझ्या मार्कांचा विषय आमच्याकडे निघत नाही. निफाडला मामाच्या बागेत गारपिटीने फुटलेली द्राक्षं फेकून देताना तिने पाहिली, आणि रसाचं पुढे काय होतं ते बघायला बाटल्या भरून पलंगाखाली ठेवल्या. एक आंबून फुटली — थेट आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या धुतलेल्या धोतरावर.

"मंगे, हेच शिकवतात का गं कॉलेजात?"

"तेच शिकायला जायचंय, अण्णा!"

त्या शिकण्याचं नाव बायोकेमिकल इंजिनिअरिंग. ते मुंबईत, आणि तिथे मुलींचं वसतिगृह नव्हतं. म्हणजे चार वर्षं ती आमच्याकडे, कल्याणच्या एका खोलीत. माझं नुकतंच लग्न झालेलं.

प्रवेशाच्या दिवशी मंगल काविळीने अंथरुणात. पालक म्हणून मी गेलो. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "बायोमेडिकल की बायोकेमिकल? दोन्हीकडे जागा आहे." बायोमेडिकल म्हणजे दवाखान्यातली यंत्रं — लांबच्या गावी, वसतिगृहासकट. मला कुणी दटावलं होतं का? छे.

"बायोमेडिकल," मी म्हणालो.

घरी सांगितलं, बायोकेमिकलच्या जागा संपल्या.

बायकोवर ढकलता आलं असतं, नाही? पण तिने मंगलसाठी खोलीत मधे पडदा लावायला कापडही आणून ठेवलं होतं. मग तेच मंगलला चादर म्हणून दिलं.

मंगल अजून सगळ्यांना सांगते, "दादा बिचारा माझ्यासाठी दिवसभर रांगेत उभा होता." मी सकाळीच मोकळा होऊन बटाटेवडे खात बसलो होतो. दोन प्लेट.

आता ती दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते. चांगली करते म्हणतात. फक्त निफाडकडे जाताना द्राक्षबागा लागल्या, की बोलणं अर्धवट सोडून वेली बघत राहते.

परवा माझं बीपी बघायला आली. दंडाला पट्टा गुंडाळला.

"दादा, हात सैल सोड. असा आवळून धरलास तर आकडा चुकीचा येतो."

मी हात सैल सोडला. तोंड उघडलं नाही.