इरा माझ्या ‘सोड’ची वाट बघत राहिली

आज सकाळी ट्रायलमध्ये इरा बॉल स्टिकला चिकटवून थांबली, तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच माझं सगळं बदललं.

इरा बारा वर्षांची, इथे परदेशात आमच्या स्कोफिल्ड्स उपनगराच्या ज्युनियर हॉकी टीममधली सगळ्यात चपळ मुलगी. युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, अर्धवट टाकल्यापासून मीच तिला शिकवतोय. मॅचमध्ये मी बाहेरून मराठीत ओरडतो, “सोड!” आणि ती पास देते. समोरच्यांना काही कळत नाही. मला वाटायचं, काय भारी डोकं चालवलंय आपण.

पण आज मोठ्या स्क्वॉडची निवड होती आणि कोचने ओरडायचं नाही असा नियम होता. इरा माझ्या आवाजासाठी थांबत राहिली. तीनदा बॉल समोरच्यांकडे गेला.

हाफटाइमला मी क्लबरूममध्ये या नियमावरून सिलेक्टरवर भडकलो. इराची मोठी बहीण गिरिजा तिथेच होती. तिच्यासाठी मी वर्षभर झुरतोय, आणि तिला ते माहितीये.

“त्यांच्यावर काय ओरडतोस? पास कधी द्यायचा, ते इराने स्वतः कधी ठरवलंय का?”

“मग मी काय करू?”

“सोड.”

हे ती इराबद्दल म्हणाली की स्वतःबद्दल, अजून कळलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

सेकंड हाफ सुरू झाला. बॉल मिळताच इरा क्लबरूमच्या काचेमागे मला शोधायला लागली. मी मागच्या बाजूने पार्किंगमध्ये बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.