जोन्स-सेन्सेईंचं बायबल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी लॅबमधली फालतू भांडणंसुद्धा सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

आधी त्यांच्याबद्दल सांगू द्या. जोन्स-सेन्सेई, म्हणजे जोन्सबाई, मूळच्या वेल्सच्या. एका जपानी माणसाशी लग्न करून जपानला आल्या आणि सेंदाई शहरात चाळीस वर्षं इंग्रजी शिकवत राहिल्या. मी तिथे पोस्टडॉक होतो. माझे पेपर त्या तपासून द्यायच्या आणि तपासता तपासता माझी यथेच्छ खिल्ली उडवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. होतं ते एक वेड — आपले जोन्स नेमके कुठले, हे शोधायचं.

वेडही असं की ज्याचं नाव ते. वेल्समध्ये दगड उचलला की खाली जोन्स. पूर्वी तिथे आडनावं नव्हती, मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायचे. पुढे कधीतरी ते तसंच चिकटलं आणि कुठल्या कुठल्या जॉनची पोरं पिढ्यान्‌पिढ्या जोन्स झाली. मी म्हटलं, आमच्याकडे बापाचं नाव अजून मधे असतं. त्या इतक्या खूश झाल्या की माझं पूर्ण नाव तीनदा म्हणवून घेतलं. सुहास दत्तात्रय कुलकर्णी. कुलकर्णी म्हणजे कोण, तेही विचारलं. गावाचं दप्तर सांभाळणारे, मी ऐटीत सांगितलं. ऐट — काय म्हणावं तिला आता?

एवढ्या जोन्सांतून आपले कसे ओळखायचे? त्यांच्याकडे घरचं बायबल होतं. त्याच्या कोऱ्या पानांवर पाच पिढ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेले, आयांच्या माहेरच्या नावांसकट. ते किनाऱ्याजवळच्या घरात होतं. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी त्या शहरात होत्या म्हणून वाचल्या. घर त्सुनामीत गेलं. तीस वर्षांच्या शोधाच्या वह्या, बायबल, सगळं गेलं.

त्या उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या एका बंद शाळेच्या जिममध्ये चिखलातून सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या. स्वयंसेवक फोटो धुऊन दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचे, वह्या-पुस्तकं टेबलांवर ठेवायचे. लोक येऊन आपलं शोधायचे. सेन्सेईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी मला विचारलं, जाशील का? मी म्हटलं, अहो, विचारता काय, शनिवारी जातो.

गेलो. खरंच गेलो — दारापर्यंत.

आत एक आजोबा दोरीखाली उभे होते. एकेका फोटोजवळ चेहरा नेऊन बघत होते. ओल्या कागदाचा वास येत होता. मला आत पाऊल टाकवेना. भीती? हो, भीतीच. पण नुसती भीतीही नाही — ते पुस्तक असं थोडंच सापडणार, असं मी मनाशी म्हटलं आणि ते म्हणणं मला सोयीचं होतं. बसस्टॉपजवळच्या कोनबिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, मी कॉफी घेतली. दोन तास मासिकं चाळली.

मग त्यांच्याकडे जाऊन सांगितलं, सगळी टेबलं पाहिली. पुस्तकांची तीन होती, एकूणएक उघडून पाहिलं. तीन! हा आकडा कुठून आला, देव जाणे. लबाडाला तपशील फार सुचतात.

त्या म्हणाल्या, "दमला असशील. बस, चहा टाकते." आणि कुबडी घेऊन स्वतः उठल्या.

जिम आणखी दोन शनिवार उघडी होती. मला माहीत होतं. गेलो का? नाही. पुढे ती बंद झाली, आणि कुणी न नेलेल्या वस्तूंचे देवळात विधी करून त्या जाळल्या, असं ऐकलं.

पंचाहत्तरीच्या त्या बाईने मग पहिल्यापासून सुरुवात केली. वेल्सच्या चर्चना पत्रं, आठवतील तेवढी नावं, मोठ्या कागदावर पेन्सिलने वंशावळ. चार वर्षं. मी रविवारी याद्या टाइप करून द्यायचो आणि बघत राहायचो. इतकी चिवट, इतकी आनंदी माणसं मी फार पाहिली नाहीत. एक धागा जुळला की फोन करून ओरडायच्या, जणू हरवलेला भाऊ भेटला. फक्त एका जागी अडलं. एकाच गावात, एकाच वर्षी जन्मलेले दोन जॉन जोन्स — एक पाटीच्या दगडाच्या खाणीतला, एक चांभार. पणजोबाच्या आईचं माहेरचं नाव कळलं असतं तर आपला कोणता ते ठरलं असतं. ते बायबलमध्ये होतं. त्यांना काही केल्या आठवलं नाही. दोघांच्या मधे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि त्यावर हसल्यासुद्धा, म्हणाल्या, असू देत दोन पणजोबा.

बायबल त्या टेबलांवर होतं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, माझ्यामुळे.

त्या वारल्या त्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी वंशावळीची एक प्रत मला दिली. खाली सुबक अक्षरात माझं पूर्ण नाव, मधे बापाचं नावही, आणि पुढे लिहिलेलं: याने माझ्यासाठी प्रत्येक टेबल पाहिलं.

मी वाकून दोन्ही हातांनी घेतली. थँक यू म्हणालो.

बायकोने ती फ्रेम केली. आता आमच्या फुनाबोरीच्या घरात, जेवणाच्या टेबलासमोर लावली आहे. आलेला पाहुणा वाचतो, प्रश्नचिन्हाबद्दल विचारतो. मी सांगतो — दोन जॉन होते, कोणता ते कळलं नाही.