साहेबांचं वाचन

निफाडजवळच्या शाळेत मी तिसरीला शिकवायचे तेव्हाची गोष्ट. मुलांचं वाचन तपासायला एक साहेब आले. चाचणी परदेशात बनलेली, एकेका मुलाला समोर बसवून धडा वाचून घ्यायची. आमच्या वर्गात मात्र एकाने ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, अशी रीत.

पहिलीच मुलगी एक ओळ खणखणीत वाचून थांबली. साहेबांना वाटलं, हिला पुढचं येत नाही. माझं डोकंच फिरलं, पण मला मध्ये बोलायची बंदी!

शेवटी तीच म्हणाली, "सर, तुमी मागं म्हना ना!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ती ओळ मागून म्हटली. असा दोघांनी मिळून अख्खा धडा संपवला.

मग ती माझ्याकडे वळली, "बाई, सरांना येतंय वाचायला."