विजेता आला नाही

बारकीच्या घरी इस्त्री नव्हती. परवडत नव्हती म्हणून नव्हे, तर आईने ती जिंकली होती म्हणून.

नऊ वर्षांपूर्वी रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमात फोन लावून आईने तीन प्रश्नांची धडाधड उत्तरं दिली होती. निवेदक अर्धं शहर जागं होईल एवढ्या आवाजात ओरडला होता, की इस्त्री तुमची झाली. आई रुग्णालयात आया, ड्यूटी आठ ते पाच. बक्षिसं मिळायची अकरा ते चार, तीही पंधरा दिवसांच्या आत. नियम करणारी माणसं अकरा ते चार मोकळीच असतात, त्यांना काय! आई पहिल्यांदा गेली तेव्हा रेडिओ स्टेशनात जेवणाची सुट्टी होती, आणि दारावरच्या शिपाईमामांनी तिला बाकावर टेकूही दिलं नाही. दुसऱ्यांदा रजा मिळाली तो सोळावा दिवस होता. घरी येऊन ती म्हणाली, माझी इस्त्री तिथे आहे, दुसरी या घरात येणार नाही. तेव्हापासून तिचे ड्यूटीचे कपडे आणि पोरींचे गणवेश गादीखाली घडी घालून झोपायचे. शेजारणीची इस्त्रीही तिने कधी मागितली नाही. वडील ट्रक चालवायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, आमची इस्त्री माहेरपणाला गेलीय, अजून परतली नाही.

खाण तशी माती. बारकी कॉलेजात जनसंपर्क शिकायला लागली आणि शेवटच्या वर्षी साठ दिवसांच्या इंटर्नशिपची वेळ आली, तेव्हा तिने नेमकं तेच स्टेशन निवडलं. जुनी मढी उकरू नकोस, एवढंच वडील म्हणाले. साठ दिवसांनी सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर वर्ष वाया जाणार होतं, आणि पुन्हा वर्षभर शिकवायची घराची ऐपत नव्हती.

प्रमोशन विभाग म्हणजे स्टुडिओच्या मागची बिनखिडकीची खोली. स्टिकर कापा, फुगे फुगवा, वर्तमानपत्रांना बातम्या पाठवा आणि बक्षिसांचं कपाट सांभाळा, एवढं बारकीचं काम. कपाटाची किल्ली तिच्याचकडे असायची. विभाग सांभाळणाऱ्या मॅडम वाईट नव्हत्या, बोलायला तर मधाळ. रेडिओवर रोज कुणी ना कुणी जिंकायचं, निवेदक ओरडायचा, गाणं लागायचं आणि तिथेच सगळं संपायचं. जिंकलेल्याला पुन्हा फोन करायची पद्धतच नव्हती. बक्षिसांच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, आणि निम्म्या ओळींपुढे एकच शेरा होता: विजेता आला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तिने तळातली नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. आईचं नाव होतं, पुढे इस्त्री, आणि पुढे तोच शेरा. तिने वही मॅडमना दाखवली आणि सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अगं, मग वेळेत यायचं ना त्यांनी. न नेलेली बक्षिसं जातात कुठे, तेही बोलता बोलता कळलं. वर्षातून एकदा जाहिरातदारांचा मेळावा व्हायचा. ज्यांच्या घरी चार-चार मिक्सर आहेत त्यांना पाचवा भेट जायचा.

बारकीने नियमावली तीनदा वाचली. ओळखपत्र दाखवून, सही करून बक्षीस घ्यावे, असं त्यात होतं. कुठे घ्यावे, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मॅडम फोनवर असताना तिने विचारलं, बक्षिसं पोचवू का? मॅडमनी माशी वारावी तसा हात हलवला. त्याला बारकीने होकार मानलं.

मग ती जिंकणाऱ्यांना फोन करू लागली. तुम्ही या, असं नाही, तुम्ही कुठे असता, असं विचारायला. मिक्सर मांडीवर घेऊन ती बसने फिरली. पेट्रोलपंपावरच्या माणसाने भिंतीवरचं घड्याळ तिथल्या तिथे खिळ्याला टांगलं. बेकरीतल्या कारागिराने पिठाच्या हाताने सही केली, पावती पांढरी झाली. एका लिफ्टवालीने चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये सही केली, कारण तिलाही जागा सोडायची मुभा नव्हती. महिन्याभरात अशा तेवीस पावत्या झाल्या; प्रत्येकीची एक प्रत तिने कॉलेजच्या अहवालासाठी स्वतःकडे ठेवली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी बारकीला कपाट उघडायला लावलं. आत जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा होता आणि एक इस्त्री. तिचा विजेता परगावी गेला होता आणि फोनवर राहू द्या म्हणाला होता. मॅडमच्या आवाजातला मध आटला. वरच्या साहेबांना काय तोंड दाखवू, म्हणाल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी तोडगा काढला.

"एक पत्र लिहून दे. विचारल्याशिवाय वस्तू नेल्या, चूक झाली, एवढंच. उद्या तुझं प्रमाणपत्र तयार. आणि ही इस्त्री आईला घेऊन जा, माझ्याकडून भेट."

बारकीने इस्त्रीकडे पाहिलं. एका कागदात वर्ष वाचत होतं आणि आईची इस्त्रीही घरी येत होती.

"आईला भेट नकोय, मॅडम," ती म्हणाली. "ती आली होती. वहीत तेवढं लिहा."

"नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत मी आता लिहू?"

"मग मी लिहिते."

तिने जुनी वही ओढली, शेऱ्यावर रेघ मारली आणि शेजारी पेनाने लिहिलं: विजेती दोनदा आली होती. दोनदा परत पाठवली. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मॅडम म्हणाल्या, प्रमाणपत्र विसर. बारकी किल्ली टेबलावर ठेवून निघाली.

घरी तिने सगळं सांगितलं. वडिलांनी कपाळाला हात लावला. आई भांडी घासत राहिली.

चार दिवसांनी कॉलेजात सरांनी तिचा अहवाल उलटसुलट चाळला आणि विचारलं, सही कुठे आहे?

"तेवीस आहेत, सर," बारकी म्हणाली आणि पावत्यांचा गठ्ठा पुढे केला.

सरांनी एकेक पावती पाहिली. पिठाच्या पावतीने त्यांची बोटं पांढरी झाली. मग त्यांनी तीन-चार जणांना फोन लावून खात्री करून घेतली. प्रमाणपत्राचे गुण मी देऊ शकत नाही, म्हणाले, पण या सह्या कामाचा पुरावा म्हणून धरतो, आणि बाकीच्या गुणांवर तिला काठावर पास केलं. काठ तर काठ! वर्ष वाचलं.

ती घरी आली तर आई भर दुपारी घरात. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती स्टेशनावर जाऊन आली होती, बरोबर बारा वाजता. दारात तेच मामा होते. वही बघितल्याशिवाय हलणार नाही असं सांगून ती त्यांच्याच बाकावर तासभर बसली, तेव्हा कुठे त्यांनी वही आणून दिली. येताना ती बाजारातून स्वतःच्या पैशाने नवीकोरी इस्त्री घेऊन आली होती. आता बारकीचा कुर्ता पाटावर पसरून, पाण्याचा हबका मारून, ती चुण्या मोडत होती.

आईने मान वर केली नाही.

"दोनदा आली होती, एवढंच लिहिलंस," आई म्हणाली. "तारखा राहिल्या होत्या. मी घालून आले."