आरती संपायच्या आत

मोटरसायकल घेतली तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि कारण अगदी व्यवहारी होतं. मुलीला त्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं. तोवर माझी प्रत्येक संध्याकाळ तिला पोहायला, पियानोला नाहीतर मैत्रिणींकडे सोडण्यात आणि परत आणण्यात जायची. ती ड्युटी एका आठवड्यात संपली. दुसरं कारण कारपूल लेनचं. ॲरिझोनातल्या चँडलरहून कामाला निघालं की फ्रीवेवर गाड्यांची रांग लागलेली असते आणि डावीकडची कारपूल लेन मोकळी पडलेली असते. त्या लेनमध्ये दोघं बसलेली गाडी चालते, किंवा एकट्याची मोटरसायकल. माझा नवरा प्रोजेक्ट मॅनेजर आहे. वेळ वाचतो म्हटलं की त्याचा विरोध निम्मा होतो. मात्र कारपूल लेनसाठी सहाशे सीसीची, टाकीवर पालथं पडून चालवायची लालभडक स्पोर्ट बाइक कशाला लागते, हा प्रश्न त्याला दोन महिन्यांनी पडला. तोवर नंबर प्लेट आली होती.

शोरूममधल्या विक्रेत्याने विचारलं होतं, "मुलासाठी बघताय का?" मी म्हटलं, "हो, मोठा झाला की देईन त्याला." मला मुलगा नाही.

पहिली दोन-तीन वर्षं मजेत गेली. हिवाळ्यात शनिवारी पहाटे निघायचं, डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने वर जायचं, तिथल्या एकुलत्या एका टपरीवजा हॉटेलात ऑम्लेट खायचं आणि दुपारच्या स्वयंपाकाला घरी. पेट्रोल भरताना हेल्मेट काढलं की शेजारच्या पंपावरचा पोरगा माझे पांढरे केस बघून "मॅम" म्हणायचा आणि पोट आत घ्यायचा.

मग शरीराने तक्रारी मांडायला सुरुवात केली. स्पोर्ट बाइकवर अंगाचा भार मनगटांवर येतो, आणि माझी मनगटं आठवडाभर कीबोर्डने आधीच पिळलेली. त्यासाठी हँडल इंचभर उंच करून घेतलं. बायफोकल चष्म्याचा घोटाळा वेगळाच. वाकून बसलं की खालच्या, वाचायच्या भिंगातून स्पीडोमीटर दिसतो आणि रस्ता चष्म्याच्या काठावरून. म्हणजे वेग स्वच्छ आणि रस्ता धूसर. उलट असतं तर एक वेळ चाललं असतं. बाइकसाठी लांबचा वेगळा चष्मा केला. पाळी जाण्याच्या त्या दिवसांत अंगातून वाफा निघायच्या. ॲरिझोनाचा उन्हाळा, वर चामड्याचं जॅकेट आणि आत ही घरची भट्टी. सिग्नलला थांबले की वाटायचं, आता आपल्या अंगावर पापड भाजून निघेल. तेव्हा मे ते सप्टेंबर दुपारी बाहेर पडायचं नाही, असा नियम केला. बाइक सोडण्यापेक्षा नियम करणं सोपं होतं.

मला पन्नास पूर्ण झाली त्या आठवड्यात नवरा म्हणाला, "आता बास."

"पन्नाशीचा काय संबंध?"

"पडलीस तर हाडं जुळायची नाहीत."

"मग तुझा जिनाही बंद करू. मागच्या महिन्यात कोण घसरलं होतं?"

"विषय बदलू नकोस. काहीतरी अट ठरव. ऑब्जेक्टिव्ह पाहिजे."

अट मीच सुचवली. बाइक आडवी झाली आणि मला एकटीला उभी करता आली नाही, तर विकायची. त्याने लगेच पुढचं वाक्य जोडलं: दुसऱ्या कुणी हात लावला, तरी विकायची. मी हो म्हटलं. अट रास्त होती. डोंगरात एकटी असताना जी गाडी उचलता येत नाही ती चालवू नये. नवऱ्यालाही अट आवडली, कारण गॅरेज झाडताना त्याने ती बाइक नुसती बाजूला सरकवायचा प्रयत्न केला होता आणि नंतर दोन दिवस कमरेला शेक घेत होता. मी स्वतः आडवी बाइक उचलून पाहिली होती ती पाच वर्षांपूर्वी, शिकवणीच्या वर्गात. त्यानंतर वेळ आली नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतरच्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. पुण्याहून निघताना त्यांना बाइकबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी वॉशिंग मशीन बघायला म्हणून गॅरेजमध्ये आल्या आणि उभ्या राहिल्या.

"ही कुणाची?"

"माझी."

त्यांनी बाइकला एक प्रदक्षिणा घातली. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "पाय टेकतात का तुझे?"

"चवडे टेकतात."

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि मशीनमध्ये साबण कुठे घालायचा ते विचारलं.

त्या वर्षी दसरा आठवड्याच्या मधे आला होता, म्हणून आमच्या मंडळींचा दसरा शनिवारी झाला. इथे सगळे सण शनिवारीच येतात. पाच-सहा कुटुंबं आमच्याकडे जमली. आमचं घर गल्लीच्या बंद टोकाला आहे. समोर गाड्या वळवायला मोठा गोल, त्यामुळे गाड्यांची पूजा आमच्याच दारात. मुलीला बोलावलं तर तिने कॉलेजच्या होस्टेलवरून कळवलं, "आई, यू गाइज आर वॉशिंग कार्स अँड प्रेइंग टू देम. आय हॅव मिडटर्म्स."

सकाळभर मी श्रीखंड आणि पुऱ्यांत अडकले होते. बाहेरची तयारी सासूबाईंकडे. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. पूजा झाली की गाडी लिंबांवरून पुढे काढायची आणि गोलाला एक फेरी मारून जागेवर आणायची, अशी आमची पद्धत. मी हात पुसत बाहेर आले तेव्हा सगळ्या गाड्या सजल्या होत्या, आणि माझी बाइक तर नव्या नवरीसारखी दिसत होती. टायर काळेकुळकुळीत. मला वाटलं, नवऱ्याने धुतली. मनात त्याच्याविषयी बरं वाटून गेलं.

मी कुडता आणि जीन्सवर जॅकेट चढवलं, बूट, हातमोजे, हेल्मेट घातलं.

"वहिनी, पन्नास फूट तर जायचंय," एक काका म्हणाले. हे नागपूरचे, मुलाकडे आलेले, निवृत्त इंजिनियर. जन्मभर बुलेट चालवलेली. त्यामुळे माझ्या बाइकवर त्यांचा हक्क आहे असं ते धरून चालत.

"पन्नास फुटांतसुद्धा डांबरच असतं, काका," मी म्हटलं.

लिंबं फुटली. टाळ्या पडल्या. मी गोलात आले, उजवीकडे वळवायला बाइक जराशी कलती केली, आणि पुढचं चाक ताटातल्या पुरीसारखं सरकलं. वेग चालण्याइतकाच होता. बाइक उजव्या कुशीवर आडवी झाली आणि तिच्यापाठोपाठ मी बसले. आरसा तुटला, ब्रेकचा दांडा वाकला, मला काही झालं नाही. डोकं वर केलं तर सगळे पुतळे झालेले. फक्त नवऱ्याचा चेहरा हलत होता. आधी घाबरला, मग मी उठले तसा निवळला, आणि मग त्याला अट आठवली. ती आठवताना मी त्याला पाहिलं.

"लागलं का गं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तिथेच थांब."

त्याने खरंच पाऊल मागे घेतलं. बाकीच्यांना अट माहीत नव्हती. आणि आपल्या लोकांचं कसं आहे, कुणाची पिशवी खाली पडली तरी चार जण वाकतात. इथे तर दोनशे किलोंची बाइक पडली होती. काका बाह्या सरसावून निघाले. त्यांच्यामागे तिघं.

"कुणी हात लावायचा नाही!" मी ओरडले.

"अहो वहिनी, फॉर्मॅलिटी काय करता!"

"फॉर्मॅलिटी नाही. लांब राहा."

"असं कसं? बाई माणसाने एकटीने उचलायची आणि आम्ही काय बघत राहायचं?"

"हो. बघत राहा."

माझ्याकडे क्षणभराची सवड होती. गिअर टाकला, स्टँड आधीच बाहेर काढून ठेवला, बाइककडे पाठ केली, सीटच्या कडेला कंबर टेकून खाली बसले. एक हात हँडलवर, दुसरा मागच्या दांड्याला. पायांनी रेटायचं, कमरेने नाही. रेटलं. बाइक वीतभर उठली, मागचं चाक सरकलं आणि ती परत खाली बसली. खाली बसताना नाकात वास शिरला. खोबरेल तेल.

मी वर पाहिलं. सासूबाई निरांजनाचं ताम्हन हातात घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. मलाही.

"झालं ना आता ट्राय करून?" काका दोन हातांवर आले होते. "धरा रे तिकडून!"

तेवढ्यात सासूबाईंनी खड्या आवाजात आरती सुरू केली.

आरती सुरू झाली की आपला माणूस कुठेही असो, जागच्या जागी उभा राहतो. काकांचा पुढे टाकलेला पाय तसाच राहिला आणि हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले. बाकीचेही थांबले. घंटा नवऱ्याच्या हातात होती. आईची आरती चालू असताना घंटा न वाजवण्याची हिंमत त्याला आयुष्यात झालेली नाही. तो माझ्याकडे रोखून बघत घंटा वाजवत राहिला.

समोरच्या घरातला अमेरिकन शेजारी हिरवळीला पाणी देत होता. तो नळी टाकून धावत आला. "नीड अ हँड?" कुणीतरी त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. बिचाऱ्याने लगेच टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि राष्ट्रगीताला राहतात तसा ताठ उभा राहिला.

दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. मागच्या चाकाला फुटपाथच्या कडेची दगडी पट्टी टेकेल अशी बाइक पायाने ढकलत ढकलत फिरवली. यात एक आरती संपली. टाळ्या थांबायला आल्या, काकांनी श्वास घेतला, आणि सासूबाई श्वास न घेता पुढच्या आरतीत शिरल्या. त्यांच्याकडे साठा मोठा आहे. काका टाळ्या वाजवता वाजवता भुवयांनी मला सूचना देत होते: गुडघे वाकव, अजून खाली, आता. मी त्यांच्याकडे बघायचं बंद केलं.

बसले. रेटलं. गुडघ्यांत काहीतरी कटकन वाजलं, मनगटातून कळ गेली. बाइक उठली, थांबली, अर्ध्यावर माझ्या पाठीला टेकून राहिली. तिथे मला स्पष्ट कळलं की मी पंचेचाळीस नाही. पाय थरथरत होते आणि खाली ठेवावी असं फार वाटत होतं. एक पाऊल मागे टाकलं. मग आणखी एक, बोटभर. वजन पलीकडे गेलं आणि बाइक हलकीच स्टँडवर कलली.

सासूबाईंनी चौथ्या कडव्यावरून थेट शेवट गाठला. कापूर विझायच्या आत सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेजाऱ्यालाही प्रसादाची वाटी मिळाली. तो मला म्हणाला, "ब्यूटिफुल सेरेमनी." दर वर्षी बाइक मुद्दाम पाडतात, असं त्याला वाटलं असावं. मी खुलासा केला नाही.

जेवणं झाल्यावर मी परसात भांड्यांचा साबण घेऊन टायर घासत बसले. सासूबाई खुर्ची घेऊन शेजारी आल्या.

"निस्तेज दिसत होती गं. म्हटलं, सणाचा दिवस आहे, जरा तेलाचा हात फिरवावा."

"टायरला, आई?"

"टायरला एकदाच. ती भोकाभोकांची चकती आहे ना चाकात, तिला दोनदा लावलं. छान चमकत होती."

"तो ब्रेक आहे."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. मला पुढच्या विमानात बसवेल."

"तुम्ही आरती सुरू केलीत म्हणून वाचले."

"आरती मला काही तुझ्यासाठी सुचली नाही. तो नागपूरवाला वास घेत जवळ येत होता."

नवऱ्याने संध्याकाळी मान्य केलं की अट पाळली गेली. पण पूर्ण समाधान झालं नव्हतं. दर वर्षी एकदा बाइक गवतावर आडवी करून मी ती उचलून दाखवावी, असं त्याने सुचवलं. मला ते पटलं. पुढच्या वर्षी उचलली, त्याच्यादेखत, तिसऱ्या प्रयत्नात. त्यानंतर आठवडाभर डाव्या मनगटाला पट्टा बांधून हिंडत होते आणि बरणीचं झाकणही त्याच्याकडून उघडून घेत होते. त्याने एकदाही विषय काढला नाही. दर वेळी बरणी उघडून माझ्यापुढे ठेवायचा, एवढंच.

पट्टा सुटला त्या शनिवारी मी शोरूममध्ये गेले. लाल बाइक देऊन तिच्या बदल्यात चाळीस किलोंनी हलकी, कमी ताकदीची एक बाइक घेतली. तीही वाकूनच चालवायची. तशी सोडून दुसरी मला बघायचीसुद्धा नव्हती. घरी येऊन सांगितलं तर नवरा चक्क रागावला.

"पण तू उचललीस ना? मग विकली कशाला? अटीप्रमाणे विकायची गरजच नव्हती."

"अट तुझ्यासाठी होती. मनगट माझं आहे."

"असं मधेच बदलता येत नाही," तो म्हणाला, आणि नवी बाइक किती जड आहे ते बघायला गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ परत आला नाही. मी दार उघडून पाहिलं तर तो हेल्मेटशिवाय, चपला घालून तिच्यावर बसला होता. दोन्ही टाचा व्यवस्थित जमिनीवर टेकल्या होत्या.

"उतर," मी म्हटलं. "आधी लायसन्स काढ."