इस्त्रीखालचा अर्ज

ओल्या लष्करी कापडावर तापलेली इस्त्री टेकली की जी वाफ उठते, तिला भडभुंज्याच्या भट्टीचा वास असतो. खोटं वाटेल, पण असतो. त्या कापडात वाळू असते. कितीही धुवा, ती शिवणींच्या आत, कॉलरच्या दुमडीत, खिशाच्या तळाशी चिकटून राहते आणि लोखंडाचा स्पर्श झाला की कढईतल्या वाळूसारखी भाजून निघते. सौदी अरेबियात, धाहरानबाहेरच्या एका लॉण्ड्रीत आखाती युद्धाचा तो हिवाळा मी या वासात काढला. युद्धाचा वास कसा असतो असं कुणी विचारलं, तर मी दारूगोळ्याचं नाव घेणार नाही. भाजलेल्या चण्यांचा, असं सांगेन. चणे मात्र कुठेच नसतात!

मी मूळचा जुवेखारचा. खाडीच्या तोंडावरचं, माडांचं आणि मिठागरांचं आमचं कोकणी मुसलमानांचं लहानसं गाव. वडील शाळामास्तर आणि चळवळीतले. घरात तांदळाचं पोतं कधी रिकामं असे, पत्रकांचा गठ्ठा मात्र नेहमी भरलेला. खरखरीत पिवळ्या कागदावरची, शाई बोटाला लागणारी ती पत्रकं हीच माझी बाराखडी. मी अडखळत वाचलेला पहिला जोडाक्षरी शब्द होता 'हक्क', आणि त्याच्यासारखा सुंदर शब्द पुढे कुठल्या कवितेतही मला भेटला नाही.

आमच्या गावची एक रीत आहे. आखातात पोटासाठी गेलेल्या गावकऱ्यांची एक जमात असते, आणि ती दरवर्षी गावातल्या दोन-चार मुलांची कॉलेजची फी भरते. मुलाने अर्ज करायचा, आपली गरज लिहायची, आणि तो अर्ज तिकडे शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचला जायचा. आपलं दारिद्र्य लिहून द्यायचं आणि अत्तर लावलेल्या शेठांनी ते जेवणानंतर ऐकायचं! एकोणीस वर्षांच्या माझ्या रक्ताला ते कसं सोसावं? रत्नागिरीच्या कॉलेजात दुसरं वर्ष सुरू होतं, फी थकली होती. वडिलांच्या आग्रहावरून मी लिहायला बसलो आणि लिहिला तो एक जळजळीत लेख. शिक्षण हा हक्क आहे, खैरात नव्हे. ज्या समाजात विद्येसाठी पदर पसरावा लागतो त्या समाजाचा धिक्कार असो. चार पानं! तीच मी जमातीला पाठवली. महिन्याभराने आखाती तिकिटाचं एक पाकीट आलं, ते मी न उघडता फाडलं. कॉलेज सुटलं. दोन वर्षांनी त्याच आखातात, कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाने, दिलेल्या कामावर, मी लोकांचे मळके कपडे धुवायला येऊन उभा राहिलो. तत्त्वाला किंमत मोजावी लागते, असं म्हणून मी ताठ मानेने बादली उचलली.

लॉण्ड्रीत माझं काम खिसे तपासण्याचं. इस्त्रीच्या टेबलाशी दाऊदमामू असत. जुवेखारचेच, साठीकडे झुकलेले, मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचे जुने डाग. ते मला 'लीडर' म्हणत. "काय लीडर, आज कुणाचा निषेध?" ही आमची सकाळची सलामी.

फेब्रुवारीत एके दिवशी एक अजस्र ट्रक दारात थांबला आणि त्यातून एक काळी अमेरिकन मुलगी उतरली. अंगावर गणवेश, डोक्यावर धुळीने पांढरी झालेली टोपी, हाती किल्ली. मामूंची इस्त्री हवेतच राहिली. "या अल्ला, बाईमाणूस चालवतंय तो डोंगर?" तिचं नाव लोरेन. उंच, सावकाश बोलणारी, माझ्याच वयाची. तुकडीच्या कपड्यांचं गाठोडं टाकून ती गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते न्यायला आली तेव्हा तिने आधी विचारलं ते एका पत्राविषयी. डाव्या खिशात होतं. मिळालं का?

मिळालं, पण कशा अवस्थेत! खिसा मी तपासलाच नव्हता. त्या वेळी माझ्या डोक्यात युद्धविरोधी लेखाची सुरुवात जुळत होती. मानवतेविषयीचं ते वाक्य फार सुरेख जमत होतं आणि हातून एका माणसाचा कागद साबणाच्या पाण्यात चालला होता. उरला होता एक भिजका, निळसर लगदा.  लोरेनने तो तळहातावर घेतला, पंख मोडलेलं पाखरू घ्यावं तसा.

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. "लीडर, मेंदू कुठं होता रे तुझा?" मग तो लगदा तिच्या हातून घेतला, स्वच्छ रुमालावर पसरला, वर दुसरा रुमाल टाकला आणि इस्त्री मंद करून, श्वास धरून, कागद सुकवू लागले. एक घडी सुटली, दुसरी सुटली. वर छापलेलं कॉलेजचं नाव तेवढं परत आलं. खालची, हाताने भरलेली सगळी अक्षरं वाहून गेली होती.

तो अर्ज होता. तिच्या कॉलेजातून मदत मिळावी म्हणून तिने भरलेला, पोस्टात टाकायचा राहिलेला. महिनाअखेरीच्या आत पोचला नाही, तर तिची शेवटच्या वर्षाची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि तिची तुकडी उद्या पहाटे उत्तरेकडे सरकणार होती, जिथून पत्र कधी निघेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ज्याने स्वतःचं कॉलेज वाक्यांच्या नादात घालवलं, त्याने आता दुसऱ्याचंही घालवलं होतं!

"तुम स्टूल पे बैठो, बेटी," मामू हिंदीत म्हणाले. लॉण्ड्रीत कोरा कागद नव्हता. कपडे गुंडाळायचा तपकिरी कागद होता. त्याचा एक नीट तुकडा कापून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "लिही म्हणावं. मी गणवेशांना हात लावतंय, तोवर होईल."

लिहिता लिहिता तिने जे सांगितलं ते मी मामूंना मराठीत सांगत गेलो. तिच्या देशात काळ्यांना जेव्हा कुठल्याही कॉलेजचं दार उघडं नव्हतं, तेव्हा त्यांनी आपली स्वतःची कॉलेजं उभारली. तिचं कॉलेज त्यांतलंच एक, अगदी लहान, दक्षिणेकडचं, कापसाच्या शेतांमधलं. प्रारंभीच्या काळात मुलांची फी म्हणून आया अंडी आणून देत, काकवीचा डबा आणून देत. आज दारं सगळीकडे उघडी आहेत म्हणतात. पण दार उघडं असणं आणि आत जायला भाडं असणं या दोन गोष्टी आहेत. म्हणून गावातल्या प्रार्थनामंदिराच्या बायका दर शुक्रवारी मासे तळतात, ताटं विकतात आणि येणारा पैसा कॉलेजातल्या मुलांसाठी देतात. त्यांतल्या बहुतेकजणी लोकांच्या घरी धुणीभांडी करतात. लोरेनची मावशी त्याच कॉलेजात तीस वर्षं फरशा पुसते आहे. वर्गात मात्र ती कधी बसलेली नाही.

"कोण मुलं, ते त्यांना माहीत असतं?" मी विचारलं.

"नाही. विचारतही नाहीत."

माझ्या डोक्याची इस्त्री तापली. मी तिला म्हणालो, आणि आवाज चढवूनच म्हणालो, की हा अन्याय आहे. ज्या सरकारपाशी आभाळ फाडणारी क्षेपणास्त्रं आहेत, त्याच्यापाशी तुझ्या कॉलेजसाठी काही नाही? तुला या वाळूत पाठवायला पैसा आहे आणि वर्गात बसवायला तळलेल्या माशांची ताटं विकावी लागतात? हे लिही! तुझी गरज लिहू नकोस, त्यांची लाज लिही!

लोरेनने हनुवटीला हात लावून सगळं ऐकून घेतलं, एखादी चांगली शिक्षिका आगाऊ विद्यार्थ्याचं ऐकून घेते तसं. ती रसायनशास्त्राची शिक्षिकाच होणार होती. मग म्हणाली, "हे पत्र मी लिहिते. दरवर्षी लिहिते, आमच्या राज्याच्या गव्हर्नरला. खूप कडक लिहिते. पण हे त्याला नाही जायचं. हे जायचं मासे तळणाऱ्या बायकांच्या पैशासाठी. त्यांना मी कशाला सुनावू?"

 आयुष्यभर वाचलेल्या पत्रकांत मी एक गोष्ट कधी वाचलीच नव्हती: त्यांचा पत्ता. हक्क ज्याच्याकडे मागायचा, तो एक. आणि तो मिळेपर्यंत ज्याने आपल्याला खांद्यावर धरलं, तो दुसरा. मी आजवर दोघांना एकाच आवाजात फटकारत आलो होतो.

तिने लिहून झालेला कागद मला तपासायला दिला. मोजून आठ ओळी. नाव, वर्ष, विषय. फी एवढी, माझ्यापाशी एवढं, उरलेलं नाही. आणि शेवटी: मी परत येते आहे, माझी जागा ठेवा. ना विनवणी, ना लाचारी. गरज इतक्या सरळ मानेने लिहिता येते!

मामूंनी पाकीट मागितलं. "तिचा गाव कुठचा, विचार तिला."

तिने नाव सांगितलं. मामूंनी ते दोनदा उच्चारून पाहिलं, जमलं नाही, सोडून दिलं. खरं तर जमातीचा नियम कडक. आपल्या गावाबाहेर एक पैसा जात नाही. पण मामूंनी कनवटीची एक नोट काढून पाकिटात सारली. "हा जमातीचा नव्हे, माझा. कुणाचा अर्ज आपल्या हातून पुढे जायचा तो रिकामा जाता नये. आमच्यात तशी रीत नाय."

मला वाटलं, ती संकोचेल, नको म्हणेल. मी असतो तर पाकीट भिरकावलं असतं. तिने मामूंचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि एवढंच विचारलं, "देणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"माझा नको. जुवेखार लिही म्हणावं."

मग तिने तपकिरी कागदावर नववी ओळ लिहिली: सोबत जुवेखारची देणगी. ट्रक गेला. पाकीट मी स्वतः, पाण्याचा थेंब लागू न देता, छातीशी धरून पोस्टात नेऊन टाकलं.

परत आलो तेव्हा मामू एकटेच होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझा तो कागदपण आम्ही इथंच वाचला होता रे. ह्याच टेबलावर."

मी दचकलो. "कुठला?"

"चार पानांचा. शुक्रवार होता. हुसेन धोबी होता, अब्दुल प्लंबर होता, लांबवरून दोघं आले होते. सगळ्यांना आवडला. हुसेन तर बोलला, परत वाच. तीनदा वाचला."

"मग?"

"मग काय? फी किती ते त्यात नव्हतं. कॉलेज कुठचं ते नव्हतं. पैसे पाठवायचे कुठं? म्हणून मीच चिठ्ठी लिहवून घेतली तुला. तू कायच कळवलं नायस."

अत्तर लावलेले शेठ! दोन वर्षं ज्यांचा मी मनातल्या मनात धिक्कार करत होतो ते हे होते तर. लोकांच्या कॉलरी घासणारे, गटारं मोकळी करणारे, महिन्याच्या मिळकतीतला घास बाजूला काढून, ज्या मुलाने त्यांना शिव्या दिल्या त्याचा पत्ता विचारणारे. समुद्रापलीकडे मासे तळणाऱ्या त्या बायका आणि वाफेत उभा असलेला हा म्हातारा एकमेकांना कधीही भेटणार नव्हते. पण दोघांनी धरून ठेवलेलं दार एकच होतं, आणि त्यातून स्वतः आत जाणं दोघांनाही कधी जमलं नव्हतं. आपल्याला न मिळालेली गोष्ट जगात कुणालाच मिळू नये असं वाटणं किती सोपं! ती दुसऱ्याच्या लेकराला मिळावी म्हणून रोज हात भाजून घ्यायचे, हे कुठून येतं माणसात? मी क्रांतीविषयी पुष्कळ वाचलं होतं. इतकी शांत, इतकी हट्टी क्रांती मी पाहिली नव्हती.

युद्ध खलास झालं. ऑक्टोबरात लॉण्ड्रीच्या पत्त्यावर लोरेनचं पत्र आलं. पाकीट मुदतीच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. ती शेवटच्या वर्षात बसली होती. देणाऱ्यांची नावं प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचायची त्यांच्या प्रार्थनामंदिरात पद्धत आहे. वाचणारा 'जुवेखार'पाशी अडखळला, तेव्हा एका आजीबाईंनी उठून विचारलं, हे कुठल्या बाजूचं चर्च? मी भाषांतर करून सांगितलं आणि मामू इतके हसले की शर्टाची बाही जळता जळता वाचली.

त्याच आठवड्यात मीही दोन पत्रं लिहिली. पहिलं राज्याच्या शिक्षणमंत्र्यांना, चार पानी, एकही शब्द मवाळ न करता. दुसरं जमातीला, अर्धं पान: कॉलेजचं नाव, वर्ष, फी, पत्ता. ते मी स्वतःच उभं राहून वाचलं. मान खाली गेली नाही.  मग मामू म्हणाले, "मागच्यासारखी मजा नाय आली, लीडर. पण ह्याला पैसे पाठवता येतील."

आज मी रत्नागिरीच्या त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात सगळ्यांत थोराड. मंत्र्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. यंदा पुन्हा लिहिणार आहे.