गोळीमशीनचा कंडेन्सर

वडवणीच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कुणाचाही बोर्ड आला की आधी तो हुंगायचा, मग फुगलेला कंडेन्सर चाचपून म्हणायचा, "लई सोसलं रे तू."

जत्रेवाल्यानं दुरुस्तीला टाकून कधीच परत न नेलेलं पिनबॉल, म्हणजे गोळी उडवायच्या खेळाचं मशीन, त्यानं चालू केलं होतं. बाजाराच्या दिवशी त्या गोळीमशीनभोवती ही झुंबड उडायची!

दुष्काळात आमच्या सहकारी डेअरीचं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं. बाया किटल्या घेऊन खोळंबल्या होत्या. मी बोर्ड घेऊन त्याच्याकडे पळालो. तसला कंडेन्सर बीडहून आणावा लागला असता. त्यानं गोळीमशीनमधला काढला आणि आमच्या बोर्डावर डाग देऊन बसवला.

"खेळ थांबंल. दूध न्हाई थांबत."

पाऊस आलाच नाही. जनावरं विकली गेली, डेअरीला कुलूप लागलं. त्याच दिवशी तो आला आणि आपला कंडेन्सर काढून घेऊन गेला. मला रागच आला.

दिवाळीनंतर बाजार ओस होता. माणसं ऊसतोडीला गेली होती. दुकानातून गोळीमशीनची घंटी ऐकू आली. आत तो एकटाच गोळी उडवत होता.

"एकटेच खेळताय?"

"येतील की समदे माघारी," तो म्हणाला. "तवर गोळीला गंज नको चढायला."